निकालाच्या दिवशी नेमकं काय बंद असतं?

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

भावना तापवणाऱ्या एखाद्या खटल्याच्या निकालाची तारीख जवळ आली की आमच्याकडे एकाच वळणाची पत्रं येऊ लागतात. 'दंगल होईल का?' याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पण 'आदेश कुणी काढला, तो माझ्यापर्यंत कितपत पोहोचतो, आणि नुकसान झालंच तर पुढे काय?' याची उत्तरं कायद्यात लिहिलेली आहेत. ती माहीत नसल्यामुळेच निम्मी घबराट पसरते. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

'१४४ लागू, पाच जण दिसले तर अटक' असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याच दिवशी आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि एका सभासदाच्या मुलीचा साखरपुडाही. दोन्ही रद्द करायचे का? – सोसायटीच्या सचिव, ठाणे जिल्हा

आधी मेसेज तपासा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ आता अस्तित्वात नाही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. त्यामुळे '१४४' लिहिलेला आदेशाचा फोटो आला, तर तो जुना असण्याची शक्यता बरीच. तोंडी मात्र पोलीससुद्धा अजून '१४४'च म्हणतात, एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

महाराष्ट्रात प्रत्यक्षात दोन वेगळे आदेश दिसतात. पहिला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचा. त्यातलं पोटकलम (१) शस्त्रं, लाठ्या-काठ्या, स्फोटकं, दगड जमवणं, प्रतिमा वा पुतळ्यांचं प्रदर्शन, चिथावणीखोर घोषणा यांच्याबद्दल आहे. पोटकलम (३) जमाव आणि मिरवणुकीबद्दल. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनाच्या काळात तो निघतच असतो. 'आमच्या जिल्ह्यात ३७ लागलं' ही बातमी ऐकून धडकी भरायचं कारण नाही. वर्षातले कितीतरी दिवस तुम्ही त्या आदेशाखालीच वावरता.

दुसरा आदेश कलम १६३ चा. तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढतात. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त किंवा त्यांचे उपायुक्त काढतात. मुदत जास्तीत जास्त दोन महिने. राज्य सरकार ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. आदेश अन्यायकारक वाटला तर त्याच दंडाधिकाऱ्याकडे बदलाचा अर्ज करता येतो. अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे.

आदेश हातात आला की चार गोष्टी बघा: हद्द (संपूर्ण जिल्हा की काही पोलीस ठाणी), तारीख आणि तास, नेमकं काय मना केलं आहे, आणि सूट कुणाला. सगळं शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं. मुंबई पोलिसांच्या जमावबंदीच्या नेहमीच्या आदेशांत लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या नियमित सभा, चित्रपटगृहं, न्यायालयं, शाळा यांना सूट दिलेली असते. तुमच्या आदेशात तशी सूट असेल तर सभा आणि साखरपुडा दोन्ही होतील. वरात, फटाके आणि ध्वनिक्षेपक वगळा. पोलीस ठाण्यात साध्या कागदावर वेळ, ठिकाण आणि माणसांची अंदाजे संख्या लिहून द्या आणि पोच घ्या. संख्या कमी करून सांगू नका. बंदोबस्ताचा हिशेब चुकतो आणि मग ऐनवेळी कार्यक्रम थांबवला जातो.

आदेशातला एकेक शब्द किती महत्त्वाचा असतो, याचं उदाहरण हरियाणातलं पंचकुला. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखाला सीबीआय न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि त्यानंतरच्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसं मेली. त्याआधीचे काही दिवस समर्थक शहरातल्या बागांत, रस्त्यांवर येऊन मुक्काम ठोकून होते. जमावबंदीचा आदेश निघाला होता, पण त्यात शस्त्रांवर बंदी होती आणि एकत्र जमण्यावरची बंदी नीट लिहिलीच नव्हती. शिक्षा सुनावताना प्रशासनाने धडा घेतला होता: २८ ऑगस्टला न्यायाधीशांना हेलिकॉप्टरने रोहतकला नेलं आणि सुनारिया तुरुंगातच न्यायालय भरवलं.

जमावबंदी आणि संचारबंदी यांत फरक काय? माझ्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. – वाचक, मालेगाव

जमावबंदीत एकट्यादुकट्याने फिरायला, कामावर जायला, खरेदीला आडकाठी नसते. संचारबंदीत घराबाहेर पडणंच बंद, ठरलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या तासांत. तीही बहुधा कलम १६३ खालीच लागते आणि सहसा काही पोलीस ठाण्यांपुरती असते.

रुग्णालयात जाण्याला जवळपास प्रत्येक आदेशात सूट असते, पण नाक्यावरच्या शिपायाला ती दाखवून पटवावी लागते. डायलिसिस केंद्राकडून वार आणि वेळा लिहिलेलं, शिक्का असलेलं पत्र आजच घ्या. त्यासोबत जुनी पावती आणि रुग्णाचं ओळखपत्र ठेवा. पोलीस ठाण्यात ते पत्र आधी दाखवून ठेवलंत तर उत्तम. दुसरा मार्ग केंद्राशी बोलून ठेवायचा: निकालाच्या दिवसाची पाळी एक दिवस आधी घेता येते का ते विचारा. पाळी परस्पर चुकवू मात्र नका. दोन पाळ्यांतलं अंतर वाढलं की अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतं. पाळी लांबतेच आहे असं दिसलं तर पाणी आणि फळांचं पथ्य किती कडक करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

इंटरनेट बंद झालं तर दुकान कसं चालवायचं? गिऱ्हाईक हल्ली रोख आणतच नाही. – किराणा व्यापारी, अकोला

जिल्हाधिकाऱ्यांच्या नुसत्या तोंडी सूचनेवर इंटरनेट बंद करता येत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालच्या २०२४ च्या नियमांनुसार राज्याच्या गृहसचिवांचा लेखी, कारणांसह आणि प्रसिद्ध केलेला आदेश लागतो. एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस, आणि पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा असतो. आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधल्या निर्बंधांच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं. नुसतं नेटवर्क मंद झालं म्हणून 'सरकारने नेट तोडलं' असा निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी सगळेच एकदम व्हिडिओ बघत असतात.

बहुतेक वेळा बंद होतो तो मोबाइल डेटा. साधे फोन चालू राहतात, आणि तारेने आलेलं ब्रॉडबँड अनेकदा वाचतं. दुकानात ब्रॉडबँड असेल तर क्यूआर आणि कार्ड मशीन त्याच्या वायफायवर जोडून ठेवा. सिमकार्डवर चालणारं मशीन मोबाइल डेटाबरोबरच गप्प होतं. इंटरनेटशिवाय *९९# डायल करूनही यूपीआय व्यवहार होतो, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. त्यासाठी बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि यूपीआय पिन हवा, आणि प्रत्येक नेटवर्कवर तो सुरळीत चालतोच असं नाही. शांततेच्या दिवशी एकदा करून बघा. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा जास्त ठेवा. रोख संपते ती सुट्या पैशांच्या बाजूने. उधारीची वही ओळखीच्या गिऱ्हाइकांपुरतीच उघडा.

मी दोनशे सभासदांच्या गावच्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. कुणी भडकाऊ काही टाकलं तर गुन्हा माझ्यावर पडेल? – वाचक, सांगली

केवळ अ‍ॅडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं: सभासदाच्या मजकुराशी अ‍ॅडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर त्याला जबाबदार धरता येत नाही. पण तो मेसेज तुम्ही स्वतः दुसऱ्या ग्रुपवर ढकललात की संरक्षण संपलं. 'जसा आला तसा पाठवला' हे लिहून सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समूहांत वैर पसरवण्याबद्दल आणि कलम ३५३ अफवा आणि खोट्या माहितीबद्दल आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रार्थनास्थळाच्या जागी केलेल्या गुन्ह्याला पाच.

करायचं ते असं. निकालाच्या आदल्या रात्री ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर ठेवा. उघडाच ठेवायचा असेल तर अ‍ॅडमिनला इतरांचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो, हे लक्षात ठेवा. काढण्याआधी पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह आणि वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. पुढे पोलीस विचारतील तेव्हा तोच तुमचा पुरावा. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, म्हणूनच तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो.

व्हिडिओ तपासताना आवाज बंद करून बघा. आरडाओरडा कमी झाला की डोळे काम करू लागतात: गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं राज्य, दुकानांच्या पाट्यांची लिपी, अंगावरचे कपडे आणि ऋतू, भिंतीवरची निवडणुकीची किंवा सिनेमाची पोस्टरं. एखादी स्पष्ट चौकट स्क्रीनशॉट काढून चित्रशोधात टाका. जुना व्हिडिओ असेल तर बहुतेकदा दोन मिनिटांत सापडतो.

खरा व्हिडिओही आग लावतो, हे मात्र विसरलं जातं. १२ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरीचं पाणी रोजच्या १५,००० क्युसेकवरून १२,००० क्युसेकवर आणलं. म्हणजे रोजच्या आकड्यात कर्नाटकला तसा थोडा दिलासाच होता. तरी त्याच दिवशी बंगळुरूत तामिळनाडूच्या बस जळल्या आणि सोळा पोलीस ठाण्यांत संचारबंदी लागली, कारण दोन्ही राज्यांतल्या मारहाणीची दृश्यं तासातासाला फिरत होती. 'खरं आहे की नाही' एवढंच विचारून भागत नाही. 'आत्ता हे पाठवून काय साधणार' हेही विचारावं लागतं.

निकालावर टीका केली तर न्यायालयाचा अवमान होतो का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ५ सरळ सांगतं की अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. पुरावा चुकीचा वाचला, कायद्याचा अर्थ ताणला, अमुक साक्ष दुर्लक्षित केली असं लिहा, खुशाल. न्यायाधीश विकले गेले, अमक्या जातीचे म्हणून असा निकाल दिला, असं लिहिलंत की पाय घसरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक अट आम्ही आमच्याकडून घालतो: आधी निकालपत्र वाचा, निदान शेवटचा आदेशाचा भाग तरी. ९ नोव्हेंबर २०१९ चा अयोध्या निकाल १,०४५ पानांचा होता, आणि वाचनाची सुरुवात शिया वक्फ बोर्डाची याचिका फेटाळल्यापासून झाली. पहिल्या वाक्यावर मत बनवणाऱ्याची फजिती ठरलेली.

निकाल लागला म्हणजे सगळं संपलं का? आमच्या बाजूचे लोक 'आता रस्त्यावरच' म्हणतात. – वाचक, परभणी

क्वचितच संपतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होतं. मुदत ६० दिवस, फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३०. फाशी तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलातच येत नाही. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकार अपील करू शकतं आणि पीडितालाही स्वतः अपिलाचा हक्क आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, सर्वसाधारणपणे ९० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर ३० दिवसांत पुनर्विचार याचिका. ती शक्यतो त्याच न्यायाधीशांपुढे, बहुधा दालनात, तोंडी युक्तिवादाशिवाय तपासली जाते, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा नको. अयोध्या प्रकरणातल्या पुनर्विचार याचिका १२ डिसेंबर २०१९ रोजी फेटाळल्या गेल्या.

वरचं न्यायालय किती लवकर हलू शकतं, तेही बघा. २००६ च्या मुंबई लोकल स्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बारा जणांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र जायला लावलं नाही. 'स्थगिती' या मथळ्याखाली ही दुसरी बाजू अनेकांच्या नजरेतून निसटली.

रस्त्यावर उतरण्याचा हिशेबही मांडून घ्या. बेकायदा जमावाला पाच माणसं पुरतात. त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने दगड मारला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० नुसार प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी. पांगण्याचा हुकूम झाल्यावर 'मी नुसता बघत होतो' हा बचाव फार तोकडा पडतो.

माझ्या मुलाला पोलिसांनी १६८ ची नोटीस दिली. त्याच्यावर एक जुना आंदोलनाचा गुन्हा आहे. पासपोर्ट, नोकरी बुडेल का? – पालक, नाशिक

ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे पूर्वीची '१४९ ची नोटीस'. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांनी दिलेली ताकीद, एवढाच तिचा अर्थ. ती शिक्षा नाही, नवा गुन्हाही नाही. नोटीस घ्या, तारीख टाकून सही करा, प्रत जपून ठेवा. घ्यायला नकार देऊन काहीच साधत नाही.

त्याच संहितेच्या कलम १२६ ची नोटीस वेगळी. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून येते आणि शांतता राखण्याचं एक वर्षापर्यंतचं बंधपत्र का घेऊ नये, याचं कारण विचारते. तिथे तारखेला हजर राहावं लागतं. वकील घ्या आणि लेखी म्हणणं द्या. बंधपत्राची रक्कम ऐपतीबाहेरची असेल तर तसं तिथेच सांगा. कलम १७० खाली प्रतिबंधात्मक ताबा सहसा २४ तासांपुरता असतो. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या अर्जात 'गुन्हा दाखल आहे का' असा प्रश्न असेल तर जुना गुन्हा लपवू नका. गुन्ह्याइतकंच लपवणंही नडतं.

दगडफेकीत गाडी फुटली, दुकान जळलं तर विमा मिळतो का? – अनेक वाचक

गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या नुकसानीचा एक रुपयाही नाही. सर्वसमावेशक किंवा स्वतंत्र 'ओन डॅमेज' पॉलिसीत दंगल, संप, खोडसाळ नुकसान येतं. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट (दाव्यातला तुम्ही सोसायचा भाग) १,००० रुपये, त्यापुढे २,०००. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो सलग पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असू शकतो. म्हणून नुसता आरसा किंवा एक काच फुटली असेल तर आधी बोनसचा हिशेब करा. गाडी जळाली असेल तर जागेवरून हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, चॅसिस क्रमांक दिसेल असा एक, मग पोलिसांत तक्रार आणि त्याच दिवशी कंपनीला सूचना. टेम्पोतला माल मोटार विम्यात येत नाही. त्याला वाहतूक विमा आणि त्यात संप-दंगलीचं कलम हवं.

दुकानाच्या आगीच्या विम्यात दंगल सहसा आपोआप असते. जुन्या पॉलिसींत मात्र हप्ता वाचवायला हे संरक्षण काढून टाकायची सोय होती. 'आरएसएमडी' (रायट, स्ट्राइक, मॅलिशस डॅमेज, म्हणजे दंगल, संप, खोडसाळ नुकसान) ही अक्षरं शोधा. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून असलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत दंगलीनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे झालेली चोरीही धरली जाते. फसगत होते ती कमी रकमेच्या विम्यात. माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा आणि नुकसान चार लाखांचं असेल, तर साध्या पॉलिसीत दोनच लाख हाती येतात. वरच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. संचारबंदीमुळे दुकान नुसतं बंद राहिलं तर बुडालेला धंदा मिळत नाही.

वह्या आगीत गेल्या तर माल किती होता हे कसं सिद्ध करायचं? जीएसटी पोर्टलवर पुरवठादारांनी भरलेली तुमची खरेदी २बी विवरणात दिसते. बँकेला दिलेलं शेवटचं स्टॉक स्टेटमेंटही चालतं. आजच फोनवर दुकानाच्या प्रत्येक रॅकचा व्हिडिओ काढा आणि दुसऱ्या घरच्या माणसाला पाठवून ठेवा.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून घटनेनंतर लगेच प्रत काढा. घड्याळ दहा मिनिटं पुढे-मागे असेल तर आताच जुळवा. न्यायालयात वेळेवरूनच वाद होतो. पोलिसांना प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी सांकेतिक आकडा) लागतं. डीव्हीआर दाराजवळच्या गल्ल्यामागे ठेवलेला असेल तर तो पहिल्यांदा फुटतो. माळ्यावर किंवा आतल्या खोलीत हलवा.

शांतता समितीच्या बैठकांना चहा-बिस्किटांपलीकडे काही अर्थ असतो का? – निवृत्त शिक्षक, भिवंडी

तुमच्याच गावाचा इतिहास बघा. १९७० आणि १९८४ ला भिवंडी जळाली. त्यानंतर तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे वस्तीपातळीवर मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचं काम दंगलीच्या दिवशी सुरू झालं नव्हतं. नळाच्या रांगेतलं भांडण, गटार, उधारी अशा रोजच्या गोष्टींवर माणसं वर्षभर भेटत होती.

निकालाच्या आठवड्यात फक्त पुढाऱ्यांना बोलावून फोटो काढणारी बैठक असेल, तर तुमची शंका रास्त आहे. बैठकीला गेलात तर तीन कामं नावानिशी वाटून घ्या. गच्च्यांवरच्या आणि रस्त्याकडेच्या विटा, राबिट, रिकाम्या बाटल्या आदल्या दिवशी उचलायला महापालिकेची गाडी कोण आणणार? रात्री दहा ते दोन या वेळात नाक्यावरच्या पोरांना घरी पाठवायला दोन्ही बाजूंची कोण वडीलधारी माणसं उभी राहणार? आणि अफवा आली की ठाणे अंमलदाराला फोन करून खरं-खोटं विचारणारा एकच माणूस कोण? पन्नास जणांनी पन्नास फोन केले की ठाण्याची लाइन अडकते आणि खरी खबर बाहेरच राहते.